पुसलेल्या चित्राबद्दल

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. दादांच्या ऑपरेशनबद्दल मी दीड पान लिहिलं होतं, त्यावर तुमच्या दोन ओळी: ‘दादाने स्वतः बोलावलं तर येईन. तुम्ही बोलावून येणार नाही.’ वाचलं आणि पोथीत ठेवलं. रागावले नाही. अकरा वर्षांनी तुमचं अक्षर घरात आलं, तेवढ्यावर मी दोन दिवस काढले.

तारीख पक्की झाली. सत्तावीस मार्च, गुरुवार. छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, ‘वय पाहता प्रकृती चांगली आहे.’ मला त्यातलं ‘वय पाहता’ तेवढंच ऐकू आलं. ह्यांनी तुमचं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही असं म्हणतात. पण पोस्टमनची घंटी वाजली की पेपर खाली ठेवून विचारतात, ‘कोणाचं गं?’ मी म्हणते, विजेचं बिल. महिन्याभरात तीनदा विजेचं बिल आलं, तरी ते काही बोलले नाहीत.

आता माझं. डिसेंबरात जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं ऐकेनात. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, ‘काकू, हाताला बारीक काम द्या. चित्रं काढा.’ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी दुपारी वर्ग असतो, साठीच्या पुढच्यांना फुकट. म्हणून गेले. मला वाटलं, फुलं, फळं, सुरई असं काही असेल.

खोलीच्या मधोमध चौथरा, त्यावर चादर, शेजारी हीटर. एक बाई आली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, तिने गाऊन काढून खुंटीला लावला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी डोळे मिटून नाम घ्यायला लागले. वर्ग घेणाऱ्या बाई मागून म्हणाल्या, ‘काकू, डोळे मिटून काढायचं पुढच्या महिन्यात आहे.’ ह्या बाई डावखुऱ्या आहेत. पूर्वी डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी हाडं नि स्नायू काढायच्या, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

मला कोळशाची कांडी दिली. दोन मोडल्या. पडलेला चुरा मी कागदात बांधून ठेवला, उपयोगी पडेल. काय काढलं म्हणाल तर त्या बाईची टाच. मी मान वर केलीच नाही, तेव्हा तेवढीच दिसत होती. घरी येताना बाही घासली आणि अर्धी टाच गेली. कोळसा किती हलक्यानं पुसला जातो हे मला काल कळलं. म्हणून वाटलं की तुम्हाला लिहावं. अकरा वर्षांपूर्वी भिंत झटकताना तुमच्या कोळशाच्या चित्राला फडकं लागलं, ते असंच लागलं असणार. तुम्ही तेव्हा ऐकून घेतलं नाहीत.

कोळसा कागदावर टिकवायचा कसा, तेवढं कळवा. बाकी ठीक.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं,

इतक्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. ‘केसांना मारायचा स्प्रे मारा. हातभर लांबून. कागद ओला होऊ देऊ नका. आणि फडक्याचं म्हणाल तर चित्र भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर लावलेलं होतं.’

होतं. मला स्टूल घ्यावं लागलं. न्हाणीघरातलं, एक पाय आखूड असलेलं. फडकं ओलं होतं.

एवढं लिहून उठले आणि गॅलरी झाडली. सकाळी झाडलेलीच होती. परत बसले.

आणखी एक. त्या वर्गात काय काढतात ते मला ठाऊक होतं. खाली पाटीवर स्वच्छ लिहिलं आहे, मी तीन गुरुवार ती पाटी वाचून परत आले होते. चौथ्या गुरुवारी वर गेले. तुम्ही ज्याला जात होतात तसलाच हा वर्ग, म्हणून गेले. मनगटाला काय, कणीक मळली असती तरी चाललं असतं. ह्यांना मात्र सांगितलंय की फुलं काढतो. रोज विचारतात, ‘आज कुठलं फूल?’ मी एक नाव सांगते. फुलांची नावं संपत आली आहेत.

काल बाईंनी सगळ्यांना अख्खा कागद कोळशाने काळा करायला लावला. मग म्हणाल्या, ‘आता उजेड जिथे पडलाय तेवढं पुसून काढा.’ खोडायला ब्रेडचा मऊ गर दिला. अन्नानं खोडायचं! माझा हात धजेना. शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर बसतात, घोड्यासारखा लांब बाक असतो त्यावर दोन्हीकडे पाय सोडून. ते म्हणाले, ‘वहिनी, तुमचं खोडून झालं असेल तर उरलेलं द्या, मी दुपारचं जेवलो नाही.’ आणि त्यांनी खरंच खाल्लं. बाई म्हणाल्या, ‘बघा, ह्यांनी आपलं खोडरबर खाल्लं, आता चुका कशा सुधारणार?’ ‘चुका पोटात घातल्या,’ कंडक्टर म्हणाले.

मी मग फडक्यानं पुसलं. खांदा निघाला, पाठीचा कणा निघाला, कमरेची घडी निघाली. पहिल्यांदाच टाचेच्या वर काही निघालं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘काकू, पुसण्यात तुमचा हात बसलेला आहे.’ सगळे हसले.

मी नाही हसले.

चहाच्या सुट्टीत ती मॉडेल गाऊन घालून माझ्याजवळ आली. ती सकाळी लॉन्ड्रीत इस्त्री करते. म्हणाली, ‘काकू, गेल्या आठवड्यात तुम्ही माझी टाचच तेवढी काढलीत. लोकांना काय काय दिसतं, तुम्हाला माझ्या भेगा दिसल्या.’ मी म्हणाले, ‘तेल लावत जा.’ ‘लावते हो, पण मग पाय सरकतो आणि पोज जाते.’ तिच्या पावलांभोवती बाई खडूनं रेघ मारतात, सुट्टीनंतर तिला बरोबर त्याच जागी उभं राहता यावं म्हणून. आपल्या घरातही अशा रेघा असत्या तर बरं झालं असतं, असं काहीतरी मनात आलं. सोडून द्या.

पुढच्या वेळी बोरू आणि शाई आहे. शाळेत मी मास्तरांचा बोरू पाहिला होता, धरला नव्हता. कसा कापायचा?

तुमची वहिनी


२७ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ

वन्सं,

‘टोक तिरकं कापा, मधे उभी चीर द्या, नाहीतर शाई धरणार नाही.’ कार्डावर एवढंच, खाली सहीसुद्धा नाही. पण चीर दिली आणि शाई धरली.

आज दोन-दोन मिनिटांच्या पोज होत्या. बाई घड्याळ घेऊन बसतात. ‘डोळे-नाक काढत बसू नका. आधी बघा वजन कुठे आहे. कुठल्या पायावर, कुठल्या हातावर. चेहरा थापा मारतो, ढुंगण मारत नाही.’ कंडक्टर म्हणाले, ‘तीस वर्षं बसमध्ये हेच पाहिलं. कोण कुठल्या स्टॉपला उतरणार ते बसण्यावरून कळतं.’ मी एकवीस पोज काढल्या. माझ्या वहीत तारीख, मिनिटं, साहित्य, काय साधलं, काय राहिलं असे रकाने पाडले आहेत. आज पहिल्यांदा ‘काय साधलं’ ह्यात काही लिहिलं: वजन, दोन वेळा.

आता जे लिहायचं ते असं अहो-जाहो करून लिहिता येत नाही. तू बारा वर्षांची होतीस तेव्हा मी ह्या घरात आले. चारचौघांत सासूबाईंच्या धाकानं ‘अहो वन्सं’ म्हणायचे आणि वेणी घालताना ‘अगं हलू नकोस, माकडे.’ मला मूल झालं नाही, पण वेणी घालायला कोणी नव्हतं असं झालं नाही. तेव्हा आता ‘तू’च म्हणते.

तुला काय ठाऊक आहे ते आधी लिहिते. तू कामावरून आलीस, कागद कोरा पाहिलास, आणि ओरडलीस. दुसऱ्या दिवशी ते स्पर्धेला जायचं होतं. मी म्हणाले, झटकताना पुसलं गेलं. तू म्हणालीस, ‘वहिनी, खोटं बोलतेस.’ मग हे आले, मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले, आणि पाच मिनिटांनी ते बाहेर येऊन तुला म्हणाले, ‘ज्या घरात खाल्लंस त्या घरात असं करतेस? आजच्या आज निघ.’ तुला वाटलं, बायकोवर आवाज चढवला म्हणून भावानं घराबाहेर काढलं. अकरा वर्षं तुला हेच वाटत असणार.

त्या पाच मिनिटांत मी काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलं, ‘तिनं माझं उघडं चित्र काढलं होतं. अंगावर काही नाही असं. स्पर्धेला पाठवणार होती. म्हणून पुसलं. तिला बोलू नका, लाज वाटते.’

कुठून सुचलं देव जाणे. तो जाणतोच.

तू त्या वर्गाला जायचीस, तेव्हा त्यांना ते लगेच पटलं. मी मान खाली घातली होती. मान खाली घातली की बाई खरी वाटते.

हे ह्यांना सांगितल्याशिवाय ते तुला बोलावणार नाहीत, हे मला कळतं. एक महिना आहे. सांगेन.

वहिनी


६ मार्च, गुरुवार

वन्सं,

कार्ड नाही. साहजिक आहे.

आज मेणबत्तीनं काढायचं होतं. पांढऱ्या कागदावर पांढरी मेणबत्ती, काय काढलं ते काढताना दिसतच नाही. मग वरून पाणी घातलेली शाई फिरवायची. जिथे मेण आहे तिथे शाई बसत नाही, तेवढं उजळ राहतं. माझ्या कागदावर मॉडेलला तीन हात आले. ‘कामाला बरे,’ ती म्हणाली.

मेणावर शाई बसवायची असेल तर काय करायचं?

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते की चहानंतर. चहानंतर ते गोळ्या घेतात आणि डोळे मिटून बसतात, छातीवर हात ठेवून. अशा माणसाला काय सांगायचं? त्यांच्या छातीला धक्का नको म्हणून गप्प बसले, असं मी देवाला सांगितलं. सांगताना माळ दोनदा हातातून निसटली.

वहिनी


१३ मार्च, गुरुवार

वन्सं,

‘मेणावर शाई बसत नाही. म्हणूनच ते वापरतात.’ वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. हे म्हणाले, ‘विजेच्या बिलात एवढं काय विनोदी आहे?’

तू उत्तर दिलंस म्हणून आता उरलेलं लिहिते. नसतंस दिलं तरी लिहिलं असतं, असं म्हणायचा मोह होतो, पण खात्री नाही.

आज मोठी पोज होती, चाळीस मिनिटांची. मॉडेल जमिनीवर पाठमोरी बसली, एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, डावा तळहात जमिनीवर टेकलेला. साहित्य ज्याला हवं ते. मी कोळसा घेतला, जाड बाजूनं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी वजन पाहिलं. ते सगळं तळहातावर आणि पायाच्या बोटांवर होतं. बोटं अशी वळलेली की नखं पांढरी पडली होती. मी तसंच काढलं.

सगळी चित्रं भिंतीशी लावली तेव्हा बाई एकेक बघत गेल्या आणि म्हणाल्या, ‘गंमत आहे. तिला शांत बसायला सांगितलं होतं आणि सगळ्यांच्या चित्रात ती उठून निघाली आहे.’ गाऊनची गाठ मारता मारता मॉडेल ओरडली, ‘अहो निघायचंच होतं! चहा दोन कप झाला होता, वीस मिनिटं दाबून बसले होते!’ आणि पळाली. वर्ग हसून लोळला. बाईंना डोळे पुसावे लागले.

मी माझं चित्र काढून घेतलं आणि पुढे कोणाचं काही ऐकलं नाही. कारण तुझ्या चित्रात मी तशीच होते.

तू मला पूजेला बसलेली काढली होतीस, मागून, दारात उभी राहून. साधे घरातले कपडे, ओले केस. अंगावर सगळं होतं. चित्र फार चांगलं होतं वन्सं, हे मी कधी बोलले नाही. सगळे म्हणायचे, हिचं देवापुढे बसणं बघावं, कशी मूर्तीसारखी बसते. त्या कागदावर माझा एक गुडघा उभा होता, तळहात जमिनीला रेटलेला होता आणि पायाची बोटं वळलेली होती. देवाकडे तोंड, आणि बाकी सगळं अंग दाराकडे.

सासूबाई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. सात वर्षं अंथरुणावर होत्या, तू जाणतेस. त्या गेल्यावर बायका म्हणाल्या, सुटलीस. मलाही वाटलं होतं, सुटेन. पण सकाळी पाच वाजता मी उठायचेच, गरम पाणी ठेवायचेच, आणि मग कोणासाठी ते आठवायचं नाही. अंगात नुसती धावपळ भरली होती. भांड्यांच्या कपाटाखाली मी एक बॅग ठेवली होती. दोन जोडी कपडे, चष्मा, पोथी. रोज पूजेला बसून एकच विचार, आज जायचं की उद्या. तुझे दादा वाईट वागत होते असं नाही. ते वागतच नव्हते. ऑफिसला जात होते आणि येत होते. हे मी कोणाला बोलले नव्हते, देवालासुद्धा नाही, नुसती त्याच्यासमोर बसून ठरवत होते.

आणि तू ते दारात उभं राहून पाहिलंस. तुला वाटलं असेल, पोज चांगली आहे. मी खोलीत आले, वर पाहिलं आणि वाटलं, हे चित्र आता तुझे दादा बघतील, परवा स्पर्धेत शंभर लोक बघतील, आणि सगळ्यांना कळेल. कळलं नसतं कोणाला. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

तू गेल्यावर बॅग रिकामी केली. जायचं होतं मला आणि गेलीस तू. एका घरातून दोघी कशा जाणार?

तुझी वहिनी


२१ मार्च, शुक्रवार

वन्सं,

सहा दिवस राहिले. अजून सांगितलेलं नाही, उलट आणखी बिघडवून ठेवलं आहे. ऐक.

काल मी वर्गाला गेले होते तेव्हा ह्यांना दवाखान्याची फाइल हवी होती. त्यांनी गादी उचलली. खाली माझी चित्रं होती, दीड महिन्याची, फवारा मारलेली, मधे जुन्या कॅलेंडरची पानं घालून. मी घरी आले तर पलंगभर मांडलेली. पाठी, मांड्या, पोटं, आणि माझी ती पाठमोरी. हे चष्मा लावून मधोमध बसलेले.

मला म्हणाले, ‘पोरीची चित्रं तू इतकी वर्षं जपून ठेवलीस?’

फुलांवर त्यांचा इतका विश्वास होता की माझी असतील हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मग ते एकेक उचलून बघायला लागले. ‘हात चांगला होता गं तिचा. ही बघ, इस्त्रीवाली किंवा अशीच कोणी असेल, खांदा एका बाजूला उतरलाय. काम करणाऱ्या बाईचा खांदा आहे.’ वन्सं, मला शरम वाटली आणि त्याच वेळी आतून उकळी फुटली. माझ्या हाताचं जन्मात कोणी कौतुक केलं नाही, चपातीच्या गोलाईपलीकडे. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तुझ्याबद्दल बोलत होते. मी काय बोलणार होते? मी ‘हं’ म्हणाले.

मग ती पाठमोरी हातात धरली. म्हणाले, ‘ह्यात घाण काही नाही. अंगावर काही नाही, पण घाण नाही. तुझं होतं ते असंच होतं का?’

मी पुन्हा ‘हं’ म्हणाले.

‘मग मी तिला कशासाठी घालवलं?’

हे त्यांनी मला विचारलं नाही, कागदाला विचारलं. तरी उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी पाणी आणते म्हणून उठले. पाणी घेऊन आले तोवर त्यांनी चित्रं पुन्हा गादीखाली ठेवली होती, कॅलेंडरच्या पानांसकट, जशी होती तशी.

आज सकाळी म्हणाले, ‘तिचा पत्ता आहे का कुठे?’ पत्ता देऊन बाकीचं पोटात ठेवलं असतं तर काम झालंच होतं, बघ. त्यांनी बोलावलं असतं, तू आली असतीस, आणि मी मेणबत्तीच्या रेघेसारखी उजळ राहिले असते. पण तू माझ्या चित्रांवर माफ होऊन येणार, आणि तेसुद्धा न केलेल्या गोष्टीबद्दल. हे मला गिळवेना, म्हणून पत्ता दिला नाही. सकाळपासून घरात फेऱ्या मारते आहे. हे म्हणाले, ‘बस की जरा. तुझ्याकडे बघून माझी नाडी वाढते.’

सोमवारी सांगते. देवाची शपथ घेत नाही, त्याला मी बरंच वापरलंय.

तुझी वहिनी


२५ मार्च, मंगळवार

वन्सं,

हे पत्र कंडक्टर स्वतः घेऊन येतील. त्यांना बसचा पास आहे आणि त्यांना फिरायला निमित्त हवंच असतं. त्यांना चहा दे. खायला दिलंस तर नाही म्हणणार नाहीत.

काल सांगितलं. ऑपरेशनच्या आधी नखं काढून या असं दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून मी त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन बसले होते. उजव्या पायाची झाली, डाव्याचं एक झालं, तेव्हा म्हणाले, ‘पत्ता दे ना तिचा. काय लिहू सुचत नाही, पण लिहितो.’

मी म्हणाले, ‘ती चित्रं माझी आहेत.’

‘कुठली?’

‘गादीखालची. मी काढलेली आहेत. फुलं आम्ही एकदाही काढली नाहीत.’

ते हसायलाच लागले. ‘तू? तू त्या उघड्या बाया काढल्यास? माळ ओढणारी तू?’ मला वाटलं, इथेच थांबावं, हसताहेत तोवर. पण थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. मी नखंच काढत राहिले आणि त्यांच्या पावलाकडे बघून सांगितलं, की वन्संनी काढलेलं चित्र उघडं नव्हतं. मी कपड्यात होते. पूजेला बसले होते. उघडं होतं हे मी तुम्हाला खोटं सांगितलं.

‘मग पुसलं कशाला?’

‘त्यात मी निघालेली दिसत होते.’

‘निघालेली म्हणजे?’

मग बॅगेचं सांगितलं. त्यांनी पाऊल काढून घेतलं. तीन नखं राहिली होती. उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. जेवायला आले, जेवले, मीठ मागितलं, पुन्हा आत गेले. मी दाराबाहेर नेलकटर घेऊन किती फेऱ्या मारल्या ते विचारू नकोस.

आज सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘कुठे जाणार होतीस?’

‘ठरलं नव्हतं.’

‘असं कसं? बॅग भरलीस आणि ठरलं नव्हतं?’

‘स्टॉपवर जाऊन ठरवणार होते. जी बस येईल ती.’

‘आणि मी?’

‘तुमचा डबा करून जाणार होते.’

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ‘म्हणजे तिला घालवून तू राहिलीस.’

‘हो.’

‘आणि मला अकरा वर्षं वाटतंय की मी माझ्या घराची अब्रू राखली.’ एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी आत जाऊन भांडी घासली. कप फुटला, कान निघालेला. त्यांनी हाक मारून विचारलं, ‘लागलं का?’ नाही म्हणाले. मग म्हणाले, ‘दवाखान्याचा फॉर्म आण. जवळच्या माणसाची सही लागते ना, ती तिची घ्यायची. तुझी नको.’

मी फॉर्म आणला. विचारलं, ‘गुरुवारी मग मी काय करू?’

‘गुरुवारी तुझा क्लास असतो. क्लासला जा.’

रागानं म्हणाले की मला मोकळी केली, ते मला सांगता येत नाही. तोंडाकडे पाहून कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पण मी वर्गाला जाणार नाही. तळमजल्यावर औषधांच्या दुकानासमोर बाक आहे, तिथे असेन. वर येणार नाही. तुला माझ्याशी बोलायचं असलं किंवा नसलं, दोन्ही चालेल. त्यांना शुद्धीवर आल्यावर पहिलं पाणी चमच्यानं द्यायला सांगतील, ते तू दे. घाई करतील, देऊ नकोस. डाव्या पायाची तीन नखं राहिली आहेत, नर्सनं टोकलं तर काढ. माझ्या हातात पाय देत नाहीत.

खाली अर्धं पान मोकळं सोडलं आहे. तिथे ते स्वतः लिहिणार आहेत, आणि पाकीटही स्वतःच चिकटवणार आहेत, मला दाखवणार नाहीत. तेव्हा त्यांनी काय लिहिलं ते तुला कळेल, मला नाही.

बुधवारी दुपारी भरती करून घेतील. गुरुवारी सकाळी आठला आत नेणार. तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला. फॉर्म आज दुपारीच जाऊन नर्सकडे दिला आहे. ‘रुग्णाशी नातं’ ह्याच्यापुढे मी सवयीनं ‘पत्नी’ लिहून बसले होते. त्यावर रेघ मारून वर ‘बहीण’ लिहिलं. असं चालतं का म्हणून नर्सला विचारलं, ती म्हणाली, चालतं, फक्त जिची सही आहे ती वेळेवर हजर पाहिजे.

सहीची जागा कोरी आहे. आठच्या आत ये.

वहिनी